नवगावच्या हकिकतीचा लेखक कोण?

माझ्या भाचीची मुलगी येथील एका विद्यापीठात इतिहास शिकते. गेल्या हिवाळ्यात तिने आपल्या बेने इस्राएल समाजावर हिब्रूत एक निबंध लिहिला. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, ही हकिकत तिने पहिल्याच पानावर दिली आणि खाली तळटीप दिली: "केहिमकर". निबंध तपासून परत आला तेव्हा त्या तळटीपेशेजारी तांबड्या शाईने तीनच शब्द लिहिलेले होते. त्याला कोणी सांगितले?

मुलगी हिरमुसली. संध्याकाळी तिचा मला टेलिफोन आला. "नाना, आमच्या प्राध्यापकांना आपला इतिहास खोटा वाटतो का हो?"

मी म्हटले, "तसे नव्हे गं. त्यांनी विचारले ते बरोबरच विचारले. उत्तर आपल्याला देता आले पाहिजे." असे बोलून तर गेलो, पण त्यानंतर आठ दिवस माझ्याच डोक्यात तो प्रश्न घोळत राहिला. ज्या लेखाला, गाण्याला किंवा हकिकतीला लेखक नाही, तिचा हवाला द्यायचा कसा? आपल्या समाजाच्या इतिहासाचा अर्धाअधिक भाग अशाच सामग्रीवर उभा आहे. तेव्हा हा विचार वाचकांपुढे मांडणे अस्थानी होणार नाही, असे वाटते.

प्रथम कै. हाईम सॅम्युएल केहिमकरांविषयी. त्यांनी आपला मोठा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, आणि तोही मुंबईस नव्हे तर तेल अवीव येथे, डॉ. इम्मानुएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली. मध्ये चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. आपल्या समाजाविषयी आज जो कोणी लिहितो, मग तो आपला असो की परका, त्याला या ग्रंथापाशी यावेच लागते. परंतु केहिमकरांचे पुस्तक म्हणजे एकच साक्ष नव्हे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, आणि वाचणाऱ्याने त्या सोडवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलेले: एकोणिसाव्या शतकातील आपले सण, लग्नविधी, मलिदा, कोकणातून मुंबईस आलेल्या कुटुंबांची राहणी. येथे केहिमकर हे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत आणि तळटीपेत त्यांचे नाव पुरेसे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी काढलेले अनुमान. आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, अँटायोकस एपिफानीसच्या छळामुळे निघाले, हे त्यांचे मत आहे. तेथेही त्यांचेच नाव द्यावे. मात्र "केहिमकरांच्या मते" असे स्पष्ट म्हणावे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नवगावची हकिकत. ती केहिमकरांनी रचलेली नाही. किहीम हे गाव, जेथून त्यांचे आडनाव आले, नवगावच्या शेजारचेच. ती गोष्ट त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आणि कागदावर उतरविली. तेथे ते लेखक नसून लेखनिक आहेत.

आपल्या मुलीची चूक झाली ती येथे. "केहिमकर" एवढेच लिहिल्याने त्यांचे अनुमान आणि समाजाची परंपरा यांची गाठ पडते, आणि १७५ हा आकडा जणू नवगावच्या वाळूतच लिहिलेला होता, असे वाचणाऱ्यास वाटते. मी अशी कितीतरी भाषणे ऐकली आहेत. "आमची परंपरा सांगते की आम्ही ख्रिस्तपूर्व १७५ मध्ये आलो." परंपरा असे काही सांगत नाही. परंपरा जहाज सांगते, वादळ सांगते, सात आणि सात सांगते, बुडालेल्यांना नवगावास मूठमाती दिल्याचे सांगते. साल तिने कधीच सांगितले नाही.

दावीद रहाबींच्या बाबतीत तर याहून अधिक घोळ आहे. ते आपल्या लोकांत आले, त्यांनी स्त्रियांना निरनिराळे मासे शिजवावयास दिले, स्त्रियांनी पंख व खवले नसलेले मासे बाजूला काढले आणि रहाबींची खात्री पटली की हे इस्राएलचेच वंशज. मग त्यांनी झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून काजी केले. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोणी तिला इ.स. १००० च्या सुमारास नेऊन बसवितो, तर कोणी म्हणतो की हे कोचीनच्या रहाबी घराण्यातील गृहस्थ, अठराव्या शतकातले. आठशे वर्षांचा फरक! दोन्ही पक्ष हवाला देतात तो त्याच एका कथेचा, आणि कथेत साल नाही. ज्याने साल घातले त्याचे नाव त्या सालापुढे लिहिले, तर निम्मा वाद तेथेच मिटेल.

याच्या उलट दुसरा कागद पाहा. कोचीनचे एझिकिएल रहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडमधील टोबायस बोआस यांना पत्र पाठविले. त्यात मराठ्यांच्या मुलखात विखुरलेल्या आपल्या लोकांचा उल्लेख आहे: ते तेल गाळतात, काही जण शिपाईगिरी करतात, शेमा म्हणतात व शब्बाथ पाळतात, यापलीकडे धर्माचे ज्ञान त्यांना नाही. या पत्राला लिहिणारा आहे, घेणारा आहे, साल आहे. इतिहासकाराला असा कागद फार आवडतो, आणि ते योग्यच आहे. पण हे पत्र बाहेरच्या माणसाने लिहिलेले आहे. शनवार तेल्याच्या घरात रात्री मुलांना काय सांगितले जात होते, हे त्या पत्रास ठाऊक असण्याचे कारण नाही. नाव असलेला कागद खरा आणि नाव नसलेली गोष्ट खोटी, असे समीकरण मांडणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांना एवढेच विचारतो की तुमच्या आजीचे नाव तुम्हाला कोणत्या दाखल्यावरून कळले?

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या निबंधाचा नाही, हे आपल्या पिढीला सांगावयास नको. १९६२ मध्ये मुख्य रब्बीखात्याने बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याविषयी विवाह नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या मंडळींनी यरुशलेमात निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे मान्य केले आणि पुढे त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव गाळण्यात आले. त्या दोन वर्षांत आपल्याकडे मागितले जात होते ते काय? कागद. आणि आपल्याजवळ होते ते काय? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आचरण, आणि लेखक नसलेली एक हकिकत. त्या वेळी आपल्यातील काहींनी आवेशाच्या भरात तिच्यावर सालांचे आणि राजांच्या नावांचे इतके दागिने चढविले की मूळ मुलगी ओळखू येईनाशी झाली. विरोधकांना मग दागिना खोटा ठरविला की पुरे होई.

आश्चर्य असे की लेखक नसलेल्या लेखांशी कसे वागावे, हे आपल्या धर्मग्रंथांनी जगाला फार पूर्वी शिकविले आहे. बावा बात्रा या मसेखेतात, चौदाव्या व पंधराव्या पानांवर, तनाखमधील कोणते पुस्तक कोणी लिहिले याची चर्चा आहे. मोशे रबेनूंनी आपला ग्रंथ व ईयोब लिहिला, शमुएलाने आपला ग्रंथ, यिर्मयाने राजांचा. पण ऋषींचे तेवढ्यावर समाधान होत नाही. तोराच्या शेवटच्या आठ ओळींत मोशेच्या मृत्यूचे वर्णन आहे. मेलेला मनुष्य स्वतःचा मृत्यू कसा लिहील? एक म्हणतो, त्या ओळी यहोशवाने लिहिल्या. दुसरा म्हणतो, मोशेनेच लिहिल्या, पण डोळ्यांत अश्रू आणून. ईयोबाविषयी तर एका ऋषीने स्पष्टच म्हटले की असा मनुष्य झालाच नाही, तो दृष्टांत आहे. दोन्ही मते ठेवली आहेत, प्रत्येक मत ज्याचे त्याच्या नावावर. ठाऊक नाही तेथे अंदाज आहे, पण अंदाज करणारा कोण हे नोंदलेले आहे. तांबड्या शाईच्या प्राध्यापकांना याहून अधिक काय हवे होते?

तसेच मिश्नाचे. ज्या वचनापुढे कोणाचे नाव नाही त्याला "स्ताम" म्हणतात. (आपली नातवंडे दिवसभर "स्ताम, स्ताम" करीत असतात, म्हणजे "उगीच, सहज"; तोच शब्द.) सान्हेद्रिनमध्ये रब्बी योहानान यांचे मत दिले आहे की निनावी मिश्ना रब्बी मेईर यांची समजावी, निनावी तोसेफ्ता रब्बी नेहेम्याची, आणि हे सर्व रब्बी अकिवांच्या पद्धतीप्रमाणे. म्हणजे निनावी वचनाचासुद्धा संप्रदाय शोधावा, व्यक्ती नाही सापडली तरी. आणि दाविदाच्या स्तोत्रांत ज्या स्तोत्राच्या डोक्यावर कोणाचेच नाव नाही, त्याला ताल्मूदात "यात्मा" म्हटले आहे, म्हणजे पोरके. अठ्ठ्याण्णवावे स्तोत्र असे आहे. पोरके म्हटले, पण घराबाहेर काढले नाही. इतर स्तोत्रांच्या बरोबरीने आपण ते दर शुक्रवारी संध्याकाळी म्हणतोच.

शिवाय पिर्के आवोतच्या सहाव्या अध्यायात, ज्याने सांगितले त्याच्या नावाने जो सांगतो तो जगाला मुक्ती आणतो, अशा अर्थाचे वचन आहे, आणि त्याला आधार दिला आहे तो एस्तेर राणीचा: तिने राजाला कटाची बातमी दिली ती मोर्दखायच्या नावाने. स्वतःच्या नावाने दिली असती तर पुढची गोष्ट घडलीच नसती. तळटीपेचे महत्त्व याहून चांगले कोणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

आता परक्यांच्या ग्रंथांतील एक उदाहरण घेतो, कारण ते आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. "एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस" या नावाचे ग्रीक भाषेतील एक छोटे पुस्तक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ते लिहिले गेले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे आणि सेमुल्ला आहे, म्हणजे आपले चौल. कल्याणविषयी लिहिले आहे की पूर्वी तेथे उघड व्यापार चाले, पण पुढे सत्ता बदलली आणि चुकून तेथे आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचास नेऊ लागले. इतके बारकावे कोणी लिहिले? नाव नाही. हायडेलबर्ग येथे जे दहाव्या शतकातील हस्तलिखित आहे, त्यात हा ग्रंथ एरियनच्या नावावर घातलेला आहे. कारण एवढेच की एरियनने काळ्या समुद्राचा पेरिप्लस लिहिला होता आणि नकलणाऱ्याने दोन्ही एकाच धन्याची गुरे समजून एका दावणीस बांधली. १५३३ मध्ये बाझेल येथे छापतानाही तेच नाव राहिले.

पुढे विद्वानांनी ग्रंथाच्या आतूनच माणूस शोधला. हा लेखक महिन्यांची नावे मिसरी देतो, "आमच्याकडे मिसरात" अशा झाडांचा उल्लेख करतो, मालाची नावे व्यापाऱ्यासारखी मोजतो. तेव्हा तो मिसरात राहणारा, ग्रीक बोलणारा व्यापारी. नबाती राजा मालिखसचा उल्लेख आहे, त्यावरून काळ ठरतो. नाव कळले नाही, पण धंदा, गाव आणि काळ कळला. चुकीच्या नावापेक्षा हे शतपटीने बरे. म्हणून आज या ग्रंथाचा हवाला देताना लेखकाच्या जागी ग्रंथाचेच नाव लिहितात, आणि ज्याच्या भाषांतरातून वाचले त्याचे नाव पुढे: मॅक्रिंडल १८७९, शॉफ १९१२ किंवा कॅसन १९८९.

जाता जाता एक गोष्ट. आपल्यातील काही उत्साही मंडळी पेरिप्लस पुढे करून आपले नवगावचे आगमन सिद्ध झाले, असे म्हणतात. त्यात आपला उल्लेख नाही. मिसरातून चौलास जहाजे येत होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तेही थोडे नव्हे.

सह्याद्रीखंडाविषयीही अशीच सावधगिरी हवी. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केले व त्यांचे चित्पावन ब्राह्मण झाले, ही कथा आणि आपली सात अधिक सातची कथा यांतील साम्य अनेकांनी दाखविले आहे. साम्य विचार करण्याजोगे आहे खरे. पण लिहिणारा तळटीप देतो "सह्याद्रीखंड", आणि पुस्तक उघडत नाही. गेर्सन दा कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईस सह्याद्रीखंड छापले. त्यात परशुराम चितेपाशी भेटलेल्या कोळ्यांना, कैवर्तकांना शुद्ध करतो. साठ कुळे आणि चौदा गोत्रे येतात. चौदा प्रेते ही लोकांच्या तोंडची कथा. पुराणाला लेखक नाही, म्हणून त्यात वाटेल ते आहे असे सांगण्याची मोकळीक मिळते, असे नव्हे. उलट लेखक नाही म्हणूनच प्रत कोणती, छापली कोणी, केव्हा, हे अधिक काटेकोरपणे सांगितले पाहिजे.

सरकारी ग्रंथांचेही असेच आहे. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर आपल्या समाजाविषयी माहिती देते. मुखपृष्ठावर लेखक नाही, कारण तो सरकारचा ग्रंथ. तेथे सरकारलाच लेखक धरावे आणि संपादक म्हणून कॅम्बेलसाहेबांचे नाव जोडावे. यात विशेष अडचण नाही.

ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे खण असत. त्यांत "अनामिक" असे एक जाडजूड खण असे, आणि त्यात पाककृतीपासून तत्त्वज्ञानापर्यंत सर्व काही. पाहणाऱ्याला वाटावे, अनामिक नावाचा कोणी फारच कष्टाळू लेखक होऊन गेला. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने १९०६ पासून लेखनाचे जे नियम प्रसिद्ध केले आहेत व जे आजही वापरात आहेत, त्यांत याच कारणासाठी सांगितले आहे की लेखक ठाऊक नसेल तर ग्रंथाचे नावच प्रथम लिहावे. मुखपृष्ठावरच "अनामिक" छापले असेल तर गोष्ट वेगळी. लेखकाविषयी खात्रीचे अनुमान असेल तर नाव चौकटी कंसात घालावे, शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. तनाखचा हवाला पुस्तक, अध्याय व ओळ यांनी. ताल्मूदचा मसेखेत व पानाने. ही पाने व्हेनिसच्या बोम्बर्ग छापखान्यात १५२० ते १५२३ मध्ये जुळविली गेली, तीच आजपर्यंत चालली. हस्तलिखित असेल तर कोणत्या ग्रंथालयात कोणत्या क्रमांकाने आहे ते लिहावे.

हल्ली व्हॉट्सॲपवर आपल्या इतिहासाविषयी जे लांबलचक मजकूर फिरतात, ते मात्र या पंक्तीत बसत नाहीत. नवगावच्या हकिकतीचे कर्तृत्व शेकडो तोंडांत वाटले गेले आहे. या मजकुरांना कोणी तरी एक लेखक असतो, फक्त तो नाव घालीत नाही. कोणत्या दिवशी लोकांत काय फिरत होते, एवढ्याच कामी त्यांचा हवाला चालेल.

माझ्या मते आपल्याजवळचे सर्वांत जुने निनावी साधन कोणत्याही ग्रंथात नाही. ते आपल्या तोंडी आहे. आपले वाडवडील योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, तिशा बेआवला बिरड्याचा रोजा म्हणत, आणखी एक खिरीचा सण असे. ही नावे कोणी ठेवली? कोणी एकाने नव्हे. पण शब्द स्वतःच साक्ष देतात. बिरडे कोकणातले, वालाचे. रोजा हा फारसी शब्द, तो मुसलमानी अमलाबरोबर आला. म्हणजे नाव त्यानंतरचे, उपवास मात्र त्याआधीचा असू शकतो. हिब्रू नाव विसरले गेले पण दिवस विसरला गेला नाही. पेरिप्लसच्या व्यापाऱ्याला विद्वानांनी जसे मिसरी महिन्यांवरून ओळखले, तसेच हे.

हे सर्व मी मुलीला दोन संध्याकाळी टेलिफोनवर सांगितले. ती मराठी समजते, वाचता येत नाही. शेवटी ती म्हणाली, "नाना, मग तळटीपेत लिहू काय?" मी म्हटले, तिघांना जागा दे. हकिकत समाजाची, नोंद केहिमकरांची, साल द्यायचे असेल तर तेही केहिमकरांचे अनुमान म्हणून. आणि चौथी जागा तुझी. तू ही गोष्ट प्रथम पुस्तकात वाचलीस काय?

नाही. तिला ती तिच्या आजीने, म्हणजे माझ्या बहिणीने सांगितली. बहिणीला आणि मला आमच्या आईने. "तेही लिही," मी म्हटले, "सांगणारी कोण, कोणत्या गावची, कोणाकडून ऐकलेले."

येथे आम्ही अडलो. आईचे माहेर पेण, सासर पोयनाड. गोष्ट तिला माहेरी तिच्या आजीने सांगितली की सासरी आमच्या आजीने, हे कोणी तिला कधी विचारलेच नाही. मी आपला पोयनाडच्या बाजूचा, कारण आजी मलिद्याचे पोहे निवडताना हे सांगत असे, असे मला आठवते. लोदला राहणाऱ्या बहिणीस टेलिफोन केला. ती म्हणाली, "छे रे, पेणच. आई म्हणायची ना, 'आमच्याकडे दोन होड्या सांगतात'." दोन होड्यांचे मी जन्मात ऐकले नव्हते.

मुलीने तळटीपेत दोन्ही गावे लिहिली, आणि होड्यांचे निराळे.